मिरजेला गेलेली मनुबाई

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. पेन्शनीच्या कामाला सातारा, दवाखान्याला मिरज आणि बाकी सगळ्याला माझं किराणा दुकान, असं मी म्हणतो. माझे शेजारी सुभेदार लालासाहेब म्हणतात, बाकी सगळ्याला त्यांची हिरवी पिशवी.

ही पिशवी त्यांच्या दाराआडच्या खुंटीला असते, फौजेतून घरी आले त्या दिवसापासून. तिच्यात बॅटरी, दोर, शिट्टी, मेणात बुडवून ठेवलेल्या आगकाड्या, जखमेची पट्टी, गुळाचा खडा, भडंगाचा पुडा आणि आधारकार्डापासून सात-बाऱ्यापर्यंतचे सगळे कागद प्लॅस्टिकमध्ये. दर रविवारी सकाळी सुभेदार ती ओट्यावर उपडी करतात, एकेक वस्तू हातात घेऊन बघतात, भडंग मऊ पडलं असेल तर खाऊन टाकतात आणि माझ्याकडनं नवा पुडा नेतात. भडंग दर रविवारी मऊ पडतं. दुकानदार म्हणून माझी त्यावर काही तक्रार नाही.

माणसाची खोट काढायच्या आधी त्याची जमेची बाजू मांडावी, अशी आमच्या घरची रीत. ती मांडतो. कृष्णा फुगली, ओढ्याचं पाणी तटून मागं फिरलं आणि आळीत शिरलं, त्या दिवशी आम्ही सगळे कपाटं उपसून कागद शोधत होतो. सुभेदार तेव्हा पिशवी खांद्याला मारून, शिट्टी तोंडात धरून म्हातारी माणसं शाळेच्या गच्चीवर नेत होते. माझ्या आईला त्यांनी पाठुंगळी नेलं. तेव्हापासून आळीला त्यांचं ऐकावं लागतं, आणि ते ऐकवतात. भर गिऱ्हाइकात दुकानापुढं उभे राहून विचारतील, "जवाहरअण्णा, आत्ता ह्या घटकेला लाइट गेली. बॅटरी कुठं हाय तुमची?" मी गल्ल्याखाली चाचपायला लागलो की गिऱ्हाइकांकडं वळून सांगतील, "बघा. वस्तू असली म्हंजे तयारी झाली असं न्हवं. सराव पायजे."

आता दुसरी बाजू. सुभेदारांची उभी जवानी सरहद्दीवर गेली. तेवढी वर्षं घर, शेत, दोन लेकरं, सासूसासरे आणि दावणीची जनावरं त्यांच्या बायकोनं, मनुबाईनं, एकटीनं ओढली. आमच्या भागातल्या फौजी घरांत कामाची वाटणीच तशी असते: सरहद्द नवऱ्याकडं, आणि उरलेला देश बायकोकडं. सुभेदार निवृत्त होऊन आले तेव्हा घर सुरळीत चाललेलं होतं. त्यांना वाटलं, घर आपोआपच चालतं. पहाटे ते ओट्यावर बसून बूट पुसत, मनुबाई गोठ्यात धार काढत असे. दोघंही आपापल्या कामाला वेळेवर. बघणाऱ्याला वाटावं, काय जोडी आहे.

पण मनुबाईचे दोन्ही गुडघे गेले होते. श्रावणात बायका सागरेश्वराच्या डोंगरावर जायच्या, तेव्हा ती सगळ्यांना भाकरी बांधून द्यायची आणि पायरीवर बसून हात हलवायची. गोठ्यातून उठताना म्हशीच्या पाठीला धरून उठायची. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाट्या बदलाव्या लागतील. आणि बदलल्यावर पुन्हा जन्मात उकिडवं बसायचं नाही. म्हणजे धार काढणं बंद.

पहिली तारीख मिळाली तेव्हा म्हैस विणार होती. दुसरी मिळाली तेव्हा ऊसतोडीची टोळी दारात आली. दोन्ही वेळा मनुबाईनंच फोन करून नाही म्हणून सांगितलं. तिसरी तारीख देताना डॉक्टर कातावले. संक्रांतीनंतर आलात तर पाय सरळ करून देतो, म्हणाले, उन्हाळा काढून आलात तर पाय आहे तसा वाकडाच राहील, मग माझ्याकडं बोट दाखवायचं नाही.

लेक शिवांजली फलटणला दिलेली. ती दवाखान्यात आईजवळ राहायला तयार झाली. मुलगा विश्वजीत राजस्थानात पोस्टिंगला, सून तिकडंच. राहता राहिलं घर, आणि घरात सुभेदार. शेजारच्या गावचा पाहुणा म्हैस नेऊन सांभाळायला तयार होता, पण मैना (हे म्हशीचं नाव) मनुबाईच्या हाताशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नव्हती. नेणाऱ्याला ती दावणीला बांधून नुसतं बघावं लागलं असतं.

सुभेदारांना यात अडचण दिसत नव्हती. माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसून त्यांनी सांगून टाकलं, "ती बिनघोर जाऊ दे. आपली पूर्ण तयारी हाय."

हे वाक्य मनुबाईच्या कानावर गेलं. कुणाकडनं गेलं ते सांगत नाही, पण माझ्या बायकोचं नाव गुणमाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून, हात धुऊन, एक लहान गाठोडं काखेत मारून मनुबाई दुकानापुढं आली. सुभेदार बाकावर पेपर वाचत होते. ती आमच्या दाराच्या चौकटीला धरून उंबऱ्यात चढली, आणि मग वळून बोलली.

"आवं, तुमीच म्हंता, सराव पायजे. तर आजपासनं चार दिस मी मिरजेला गेले असं धरा. मी हितं गुणाक्काकडं राहणार. पर मी हितं न्हाई. चार दिसात घर आन् मैना तुमच्यानं संभाळलं, तर खऱ्या मिरजेला जाईन. न्हाई संभाळलं, तर डॉक्टरास्नी कळवायचं, बाई येत न्हाई."

सुभेदारांनी पेपरची घडी घातली. सरावाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उभे राहून ते म्हणाले, "मंजूर."

आमच्या आणि त्यांच्या परसाच्या मध्ये छातीइतकी भिंत आहे. पलीकडं त्यांचा गोठा, अलीकडं आमचं न्हाणीघर आणि तुळस. इकडचं तिकडं ऐकू येतं, आणि ऐकू येत नाही असं दोन्ही घरं आजवर मानत आली होती. मनुबाईची मिरज ही अशी भिंतीला लागून होती.

दुपारी सुभेदार रिकामं पातेलं घेऊन आमच्या मागच्या दारी आले. मनुबाई आणि गुणमाला समोरासमोर बसून पावटा सोलत होत्या.

"वैनी," सुभेदार गुणमालाला म्हणाले, "घरात तूरडाळ सापडंना."

"मनुवैनींना ठावं असंल, भाऊजी," गुणमाला म्हणाली. "पर त्या मिरजेला गेल्यात."

सुभेदारांनी मनुबाईकडं बघितलं. मनुबाईनं शेंगेकडं बघितलं.

"मग मिरजेला फोन लावून विचारावं म्हंतो."

"दवाखान्यात फोन बंद ठेवाय लागतोय," मनुबाई शेंगेला म्हणाली.

सुभेदार टाचेवर वळून परत गेले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो. मांडणीवरचे सगळे डबे त्यांनी खाली उतरवून फौजेसारखे ओळीत उभे केले होते. डब्यावर चहाचं चित्र होतं म्हणून उघडला तर आत मेथ्या. मिठाईच्या डब्यात सुईदोरा. दूधपावडरीच्या डब्यात हळकुंडं. आमच्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात डब्यावर एक आणि डब्यात दुसरं असतं, हे ज्याला कळायला पाहिजे त्याला कळत असतं. सुभेदारांना ते सुरक्षेच्या दृष्टीनं गंभीर वाटलं. तूरडाळ अखेर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. त्या दिवशीची आमटी करपली, पण दुसऱ्या दिवसाची खिचडी त्यांनी भिंतीवरून वाटीभर पाठवली आणि ती बरी होती. फौजेच्या लंगरात मोठ्या कढईवर काढलेले दिवस त्यांना हळूहळू आठवले असणार. भांडी तर त्यांनी अशी घासली की पातेल्यात तोंड दिसावं. हे सगळं त्यांच्या जमेला धरतो.

मनुबाईचं मात्र आमच्याकडं वेगळंच अवघड झालं होतं. आमच्यात, म्हणजे जैनांत, दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. मनुबाईची सवय म्हणजे सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर उरलेलं घेऊन चुलीपाशी बसायचं. इथं तिला पहिल्या पंगतीला पाटावर बसवलं, म्हणजे गुडघ्यामुळं खुर्चीवर. जेवून बघते तर अजून उजेड आहे आणि करायला काही नाही. गुणमालाला म्हणाली, "आक्का, तुमी रोज एवढ्या येळंचं काय करता?"

मग ती त्या मोकळ्या वेळात भिंतीपलीकडचं ऐकत बसायची. आणि भिंतीपलीकडं मैना होती.

पहिल्या संध्याकाळी सुभेदार चरवी घेऊन बसले. मैनेनं त्यांना एकदा वळून हुंगलं आणि चरवी लाथेनं उडवली. चरवीचा आवाज आळीभर गेला. त्यांनी रेडकू सोडून बघितलं, पेंडीचं आंबोण पुढं ठेवून बघितलं, पाठीवरनं हात फिरवून बघितलं. म्हैस पान्हा सोडेना. रेडकाला मिळालं तेवढं त्यानं ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. सुभेदारांनी हुकमी आवाजात दोन शब्द सुनावले तेव्हा तिनं शेपटीनं त्यांच्या तोंडावर उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैना ओरडायला लागली. मनुबाई ताटावर बसली होती. तिचा हात थांबला.

"कास तटलीय तिची," ती म्हणाली. "ओरडण्यातनं कळतंय."

गुणमालानं भाजी वाढली, तिनं ती नुसती पुढंमागं केली. शेवटी ताट सारून उठली, भिंतीपाशी गेली आणि भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिकडं जायला फाटकातून वळसा होता. तेवढंही चालायला तिला वेळ लागला असता, पण ती निघायच्या बेतात होती.

"एक सड जरी तटला तर दगडी हुईल, आक्का. कास कायमची जाईल. जनावर माझ्या हाताचं हाय. माझ्या गुडघ्यापायी त्याची कास नासवू व्हय?"

गुणमाला तिच्याजवळ गेली नाही. जागेवरूनच म्हणाली, "जावा. पर मग डॉक्टरांना फोन तुमीच लावायचा. मी लावणार न्हाई."

मनुबाई उभी राहिली, उभी राहिली, आणि मग सावकाश येऊन पुन्हा खुर्चीवर बसली. बसताना तिचे दोन्ही गुडघे वाजले. ते मला दुकानाच्या आतल्या दारापर्यंत ऐकू आले.

"सकाळच्या धारंपतूर बघंन," ती म्हणाली. "सकाळी बी न्हाई जमलं तर मी घरला जाणार. मग मिरज न्हाई आन् काय न्हाई."

मी दुकान आवरत होतो तेव्हा सुभेदार आले. एरवी बाकावर बसतात, त्या दिवशी उभे राहिले. मी सवयीनं एक टोला मारला, म्हटलं, सुभेदार, हिरव्या पिशवीत या प्रसंगाला काही सापडलं का? ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला शेण होतं आणि ते त्यांनी पुसलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर डाग मी पहिल्यांदा बघितला आणि माझी पुढची चेष्टा तोंडातच राहिली.

तरी मी सुचवून बघितलं. सगळ्या गावाला माहीत असलेली युक्ती आहे: बाईच्या हाताची म्हैस असली की पुरुषानं तिचं गोठ्यातलं जुनेर लुगडं अंगाभोवती गुंडाळायचं. जनावर वासाला फसतं.

सुभेदार खाली बघून म्हणाले, "गुंडाळून बघितलं. आत्ताच. दार लावून." मग म्हणाले, "उभी राहिली गुमान. लाथ न्हाई मारली. पर पान्हा न्हाई."

मला हसू आलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

मग त्यांनी आतल्या दाराकडं तोंड केलं. तिथं गुणमाला उभी होती. "वैनी, एक विचारायचं हुतं. रोज पहाटं मी ओट्यावर बूट पुसत असतो, तवा ही गोठ्यात कायतरी बोलत असती. शब्द कळत न्हाईत. मला वाटायचं देवाचं म्हंती. तुमच्या भिंतीला ऐकू येत असंल. कुठल्या देवाचं म्हंती ती?"

गुणमालानं पदर सावरला. "देवाचं न्हवं, भाऊजी. तुमचं."

"माझं?"

"तुमच्याविषयी बोलत्यात. रोज. धार संपंपतूर."

"काय बोलती?"

"ते मी कसं सांगू? मिरजेला विचारा."

मिरज आत खुर्चीवर बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. सुभेदारांनी भडंगाच्या बरणीकडं उगाच बघितलं, आणि ते गेले.

सकाळी उजाडता उजाडता गुणमाला न्हाणीघरापाशी हंड्यावर गाळणं धरून पिण्याचं पाणी गाळत होती. आमच्यात न गाळलेलं पाणी वापरत नाहीत. मनुबाई तिच्या आधीच उठून भिंतीपाशी खुर्ची टाकून बसली होती, गाठोडं मांडीवर. मी दातवण करत होतो. म्हणजे तसं दाखवत होतो.

पलीकडं गोठ्याचं दार वाजलं. चरवी खाली ठेवल्याचा आवाज आला. रेडकू सोडलं, पुन्हा ओढून बांधलं. मग बराच वेळ काहीच नाही. मनुबाईनं गाठोड्याची गाठ घट्ट केली.

आणि मग सुभेदारांचा आवाज आला. हुकमाचा नव्हता. दुकानात दुसऱ्याची चुगली सांगताना माणूस बोलतो तसा, खालच्या पट्टीतला.

"मैने, ऐक. हा सुभेदार हाय न्हवं, ह्याला काय बी ठावं न्हाई. दाराआड दोर हाय, बॅटरी हाय, शिट्टी हाय. घरात डाळ कुठं असती ते ठावं न्हाई. साऱ्या आळीला तयारी शिकिवतोय."

गुणमालाचा हात थांबला. गाळण्यातून पाणी ठिबकत राहिलं.

"बायकू लंगडत गोठ्यात येती ती रोज बघतोय. तुझ्या पाठीला धरून उठती ती बी बघतोय. आन् हा बूट पुसत बसतोय. आता कुठं परेडला जायचंय त्याला? एवढी वर्सं झाली घरला येऊन, अजून पाव्हण्यासारखा हाय. दोनदा तारीख गेली. एकदा तुझ्यासाठनं, एकदा उसासाठनं. ह्यानं विचारलं व्हय, का गेली? म्हणाला, बरं. नुसतं बरं म्हणाला."

मैनेनं नाक फुरफुरवलं.

"ती गेली तर हे घर चालायचं न्हाई, हे तिला ठावं हाय. म्हणून ती जाईना. आन् ह्याला वाटतंय, पिशवी भरली की झालं. घोरतोय बी लय. ते तर तू ऐकतीसच."

आणि चरवीच्या तळावर पहिली धार पडली. पत्र्यावर खडा पडावा तशी. मग दुसरी. मग आवाज भरत गेला, जाड झाला, आणि फेसाखाली दबून गेला. सुभेदार बोलत होते, पण आता ते काय बोलत होते ते धारेत ऐकू येईना.

मनुबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती का रडत होती, याचा निवाडा मी करत नाही. दोन्ही नोंदी एकाच पानावर असतात कधीकधी. धार संपल्यावर तिनं पदर काढला आणि गुणमालाला हळूच म्हणाली, "लय वाढवून बोलले. मी एवढं वंगाळ बोलत न्हाई."

गुणमालानं गाळणं पुन्हा हंड्यावर नीट धरलं.

"घोरण्याचं तेवढं खरं हाय," मनुबाई म्हणाली, आणि मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली.

सराव ठरल्याप्रमाणं पूर्ण झाला. मैनेनं दोन्ही वेळा दूध दिलं. सुभेदारांच्या तक्रारी सुभेदारांविषयी थोड्याच होत्या. चौथ्या दिवशी मजकूर कमी पडायला लागला तेव्हा त्यांनी माझ्याविषयी बोलायला सुरुवात केली. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हा जवाहरअण्णा हाय न्हवं, त्याला दुकानातल्या चार भिंतींच्या भाईर काय ठावं न्हाई, वगैरे. त्या दिवशी चरवी काठोकाठ भरली. जनावराला खरंखोटं कळत नाही, एवढंच मी म्हणेन.

संक्रांत झाली, तीळगूळ वाटून झाला आणि मनुबाई खऱ्या मिरजेला निघाली. शिवांजली गाडी घेऊन आली होती. सुभेदार हिरवी पिशवी घेऊन गाडीपाशी उभे होते, सोबत ने म्हणून. मनुबाईनं ती उघडून बघितली आणि म्हणाली, दोर कशाला, मला काय दवाखान्यातनं पळून जायचंय? भडंग काढून शिवांजलीकडं दिलं. शिट्टी काढून आपल्या पर्समध्ये ठेवली. "नर्स ऐकंना झाली तर," म्हणाली. बाकीची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. मग गाडीत बसायच्या आधी गोठ्याकडं बघून म्हणाली, "तिला सकाळी आंबोणात मीठ टाकायचं इसरू नका."

"ठावं हाय," सुभेदार म्हणाले. "पांढऱ्या डब्यात. साखर लिहिलेल्या."

मनुबाई गाडीत बसली. गाडी ओढ्याच्या पुलापर्यंत जाईस्तोवर ती काचेतून मागं बघत होती, आणि तिचं तोंड हसरं होतं.

ऑपरेशन झालं. शिवांजलीचा फोन आला की सुभेदार तो स्पीकरवर टाकून गोठ्यात नेत, म्हणजे मैनेला आवाज जावा. मनुबाई वॉकर घेऊन परतली तेव्हा मैनेनं तिला हुंगलं, दवाखान्याचा वास आला असावा, आणि तोंड फिरवलं. आम्हाला वाटलं, हिला वाईट वाटणार. मनुबाई म्हणाली, बरं झालं, एका कामातनं तरी सुटले. आता ती सकाळी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसते, सुभेदार जुनेर गुंडाळून धार काढतात आणि आत बोलण्यात काही चुकलं की ती बाहेरून दुरुस्ती सांगते. आता दोघांचं बोलणं मैनेला आणि सगळ्या आळीला ऐकू येतं. बूट ओट्यावर असतात. त्यांच्यावर धूळ असते.

चैत्रात वॉकर गेला, त्यानंतर काठी आली, आणि ज्येष्ठात काठीही दाराआड गेली, हिरव्या पिशवीच्या खुंटीला. आषाढ लागला तसं बायकांचं सागरेश्वराचं ठरलं. मनुबाई म्हणाली, ह्या श्रावणात मी भाकऱ्या बांधून देणार न्हाई, मी खाणार, वर जाऊन. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला हो म्हटलं होतं, सावकाश. गुणमालाही जाणार होती आणि मुक्कामही करणार होती, जाऊन येऊन दोन दिवस.

सुभेदार रविवारी पिशवी उपडी करून बसले होते. मी भडंगाचा पुडा घेऊन गेलो आणि सहज म्हणालो, बायका दोन दिवस जाऊ द्या, आपली तर पूर्ण तयारी आहे.

मी हे वाक्य बोललो ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं. सुभेदारांनी पुडा पिशवीत ठेवला. मनुबाई चुलीपाशी होती, आणि तिथंवर ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. मनुबाई आली. हातात काठी नव्हती. आमचा उंबरा उंच आहे, माझ्या वडिलांनी पुराच्या धास्तीनं घातलेला, आणि गेली कित्येक वर्षं ती तो चौकटीला धरून चढायची. त्या दिवशी तिनं चौकटीकडं बघितलंही नाही. एक पाय, मग दुसरा, आणि ती आत. तशीच आत जाऊन गुणमालाचं गाठोडं काखेत मारून बाहेर आली, मागं गुणमाला.

"चला आक्का," ती म्हणाली. "मिरजेला."

गुणमालानं माझ्याकडं बघितलं नाही. दोघी उंबरा उतरून शेजारच्या दारात गेल्या. मनुबाई पुढं होती, आणि चालण्यात गुणमाला मागं पडत होती.

मी घरात वळलो. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं आणि कशाचीच जागा मला माहीत नव्हती. हंडा रिकामा होता. बाहेर बाकावर सुभेदार येऊन बसले होते, सदऱ्याच्या बाहीला शेणाचा डाग, आणि आता तो त्यांना खटकत नव्हता.

"जवाहरअण्णा," त्यांनी आत हाक मारली, "आत्ता ह्या घटकेला तहान लागली. गाळणं कुठं हाय तुमचं?"

मी मागच्या दारी गेलो. भिंतीपलीकडं दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी भिंतीवर हात ठेवून गुणमालाकडं बघितलं.

गुणमालानं शेंगेकडं बघितलं.